बांबूचा फुलोरा आणि तीस जूनचा करार
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



'राष्ट्रीय सुरक्षा' हे शब्द कानावर पडताच सीमेवरचा जवान, रणगाडे, लढाऊ विमाने आणि क्षेपणास्त्रे यांचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. हे चित्र खोटे नाही. ज्या देशाने 1962, 1965, 1971 आणि 1999 साली युद्धाचे चटके सोसले, त्या देशाला सैन्यबळाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. परंतु स्वतंत्र भारताच्या सैन्याला वर्षानुवर्षे गुंतवून ठेवले, ते सीमेच्या आत धुमसणाऱ्या असंतोषाने. नागालँड, मिझोराम, मणिपूर, आसाम, पंजाब, जम्मू-काश्मीर ही नावे त्याची साक्ष देतात. रणांगणावरचे युद्ध काही दिवसांत वा आठवड्यांत संपते. घरातला संघर्ष मात्र एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे वारशासारखा जातो. म्हणूनच संघर्षाचे व्यवस्थापन आणि शांततेची उभारणी हे विषय संरक्षणनीतीच्या परिशिष्टात टाकून चालत नाही. त्यांचे स्थान त्या नीतीच्या गाभ्यात आहे.

संघर्षाचे व्यवस्थापन म्हणजे काय? तक्रार लहान असतानाच ती ओळखणे, भडका उडालाच तर त्याची व्याप्ती आवरणे, विरोधकाशी बोलण्याचा मार्ग मोकळा ठेवणे, आणि करार झाल्यानंतर तो निष्ठेने पाळणे. ही चार पावले शब्दांत सोपी वाटतात. ती प्रत्यक्षात किती अवघड आणि तरीही किती फलदायी असतात, हे समजून घेण्यासाठी मिझोरामच्या इतिहासासारखे दुसरे उदाहरण भारतात क्वचितच सापडेल.

उपेक्षेतून उठाव

आजचे मिझोराम त्या काळी आसाम राज्याचा एक डोंगराळ जिल्हा होता. तेथील डोंगरांवर पसरलेल्या एका जातीच्या बांबूला सुमारे 48 वर्षांनी एकदाच फुलोरा येतो. फुलोरा आला की बियांचा सडा पडतो, त्यावर उंदरांची बेसुमार पैदास होते आणि बिया संपल्या की ही उंदरांची फौज उभ्या पिकावर तुटून पडते. या दुष्काळाला मिझो भाषेत 'मौताम' म्हणतात. 'मौ' म्हणजे बांबू आणि 'ताम' म्हणजे मरण.

वृद्धांच्या आठवणीतून आलेले हे ज्ञान मिझो समाजाजवळ होते. म्हणूनच 1958 साली मिझो जिल्हा परिषदेने येणाऱ्या संकटाची आगाऊ सूचना आसाम सरकारला दिली आणि पूर्वतयारीसाठी 15 लाख रुपयांची मागणी केली. ही सूचना अंधश्रद्धेत जमा झाली. पुढच्याच वर्षी बांबू फुलला, उंदीर आले, पिके गेली आणि माणसे उपाशी राहिली. 1960 साली आसाममध्ये राजभाषेचा कायदा झाला, तेव्हा डोंगरी लोकांच्या मनातील परकेपणाची भावना आणखी तीव्र झाली.

अन्नधान्य खांद्यावर वाहून दूरच्या खेड्यांत पोहोचविण्यासाठी तरुणांनी एक दुष्काळ निवारण संघटना उभी केली. तिचे नेते लालडेंगा हे पूर्वी सैन्यात हवालदार होते आणि नंतर जिल्हा परिषदेत कारकून म्हणून काम करीत होते. 22 ऑक्टोबर 1961 रोजी या संघटनेच्या नावातील 'दुष्काळ' हा शब्द गळून पडला आणि 'मिझो नॅशनल फ्रंट' हा राजकीय पक्ष जन्माला आला. ज्या संघटनेने भुकेल्यांना तांदूळ पोहोचविला, तीच पुढे स्वतंत्र राष्ट्राची मागणी करू लागली. 28 फेब्रुवारी 1966 च्या रात्री फ्रंटच्या सशस्त्र तरुणांनी ऐझॉल, लुंगलेई आदी ठिकाणी सरकारी ठाण्यांवर हल्ले चढविले आणि 1 मार्च रोजी स्वातंत्र्याची घोषणा केली.

येथे क्षणभर थांबून विचार करावयास हवा. 15 लाख रुपये आणि वेळेवर पोहोचलेला तांदूळ एवढ्यानेच हा उठाव टळला असता, असे ठामपणे म्हणता येणार नाही. इतिहास इतका सरळ नसतो. परंतु आपले म्हणणे कोणी ऐकत नाही, ही भावना तेथून मूळ धरू लागली, हे नाकारता येत नाही. ज्या पैशाची त्या वेळी चणचण भासली, त्याच्या कितीतरी पट खर्च पुढील वीस वर्षांच्या बंदोबस्तावर झाला. माणसांच्या प्राणांचा हिशेब तर कोणत्याच खतावणीत बसत नाही.

बळाचा मार्ग आणि त्याची किंमत

उठावाला उत्तर देणे सरकारला भाग होते. देशाचा एक भाग तोडून नेण्याचा सशस्त्र प्रयत्न कोणतेही सरकार मुकाट्याने पाहू शकत नाही. 1962 आणि 1965 अशी दोन युद्धे नुकतीच होऊन गेली होती, इंदिरा गांधींना पंतप्रधानपदी येऊन दीड महिनाही झाला नव्हता आणि फ्रंटला पूर्व पाकिस्तानातून आश्रय व शस्त्रे मिळत होती. 5 मार्च 1966 पासून भारतीय हवाई दलाच्या विमानांनी ऐझॉलवर मारा केला. बाजारपेठा आणि वस्त्या जळाल्या, लोक रानात पळाले. आपल्याच देशातील नागरी वस्तीवर हवाई दलाने मारा केल्याची स्वतंत्र भारतातील ही एकमेव घटना मानली जाते. त्या वेळी संरक्षणमंत्रिपदी महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण होते.

1967 पासून खेड्यांच्या एकत्रीकरणाची योजना अमलात आली. मलायात ब्रिटिशांनी बंडखोरांना गावकऱ्यांपासून तोडण्यासाठी वापरलेली ही पद्धत होती. 764 खेड्यांपैकी 516 खेडी रिकामी करून तेथील माणसे रस्त्यालगतच्या 110 केंद्रांत आणून वसविण्यात आली. यांपैकी पहिल्या केंद्रांना 'संरक्षित आणि प्रगतिशील खेडी' असे नाव देण्यात आले. प्रत्यक्षात भोवती कुंपण, दारावर पहारा, जाण्यायेण्यासाठी परवाना आणि शिधापत्रिकेवर मोजून मिळणारे धान्य, असे तेथील जीवन होते. सोडलेली घरे आणि धान्याची कोठारे जाळण्यात आली. डोंगरउतारावरची फिरती शेती दूरच्या केंद्रातून करणे शक्य नव्हते. त्यामुळे आपल्या शेतावर पोट भरणारा समाज सरकारी शिध्यावर अवलंबून राहिला.

लष्करी दृष्टीने ही योजना काही प्रमाणात यशस्वी ठरली. बंडखोरांचा दाणागोटा आणि बातम्या तुटल्या. 1971 साली बांगलादेशाचा जन्म झाला आणि चितगावच्या डोंगरांतील त्यांचे तळही गेले. तरीही बंड संपले नाही. 21 जानेवारी 1972 रोजी मिझोराम केंद्रशासित प्रदेश झाला. त्यानंतरही, 1975 च्या जानेवारीत ऐझॉलमध्ये पोलिसांच्या मुख्यालयात शिरून तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांची हत्या करण्यात आली. सैन्याच्या कामगिरीने देशाची भूमी राखली आणि राजकीय नेतृत्वाला वेळ मिळवून दिला. मनाची भूमी जिंकणे हे त्याचे काम नव्हते आणि त्याच्याकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचेही होते.

दार उघडे ठेवण्याची चिकाटी

या अंधारातही काही माणसे दिवा घेऊन उभी होती. चर्चमधील ज्येष्ठांनी शांतता समिती स्थापून दोन्ही बाजूंना हिंसा थांबविण्याचे आवाहन केले; त्यासाठी बंडखोरांचा रोष आणि प्रशासनाचा संशय दोन्ही पत्करले. सैन्यातून निवृत्त झालेले ब्रिगेडियर टी. सायलो यांनी 1974 साली मानवी हक्कांसाठी समिती काढली आणि सामान्य गावकऱ्यांच्या तक्रारी कायद्याच्या मार्गाने सरकारपुढे नेल्या. पुढे ते मिझोरामचे मुख्यमंत्री झाले. जंगल आणि शरणागती यांच्यामध्ये सन्मानाचा तिसरा मार्ग असू शकतो, हे अशा माणसांनी आपल्या समाजाला दाखवून दिले.

वाटाघाटींचा इतिहास मात्र खाचखळग्यांचा आहे. 1 जुलै 1976 रोजी दिल्लीत एक समझोता झाला. तो अमलात आला नाही. बोलणी फिसकटली, लालडेंगांना अटक झाली, सुटका झाली, पुन्हा बोलणी झाली आणि 1982 साली ते देश सोडून लंडनला गेले. ऑक्टोबर 1984 च्या अखेरीस ते पुन्हा दिल्लीत आले, तोच 31 ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली. एवढ्या मोठ्या आघातानंतर बोलणी गुंडाळली गेली असती तरी कोणी दोष दिला नसता. परंतु 1985 मध्ये राजीव गांधींनी तोच धागा पुन्हा हाती घेतला. फसलेल्या बोलण्यांनंतरही पुन्हा बोलावयास बसणे, याला दुबळेपणा म्हणणारे पुष्कळ भेटतात. वास्तविक त्यासाठी लागणारे धैर्य बंदुकीचा चाप ओढण्याच्या धैर्याहून कमी नसते.

तीस जून 1986

अखेर 30 जून 1986 रोजी नवी दिल्लीत करारावर सह्या झाल्या. फ्रंटच्या वतीने लालडेंगा, मिझोराम सरकारच्या वतीने मुख्य सचिव लालखामा आणि भारत सरकारच्या वतीने केंद्रीय गृहसचिव राम प्रधान. महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा हा प्रसंग आहे. राम प्रधान हे मुंबई राज्याच्या आणि पुढे महाराष्ट्राच्या सेवेतील सनदी अधिकारी. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना त्यांनी त्यांचे खासगी सचिव म्हणून काम केले होते. आसाम कराराच्या वेळीही केंद्र सरकारच्या वतीने सही करणारे तेच होते. मिझो करारावर त्यांनी सही केली, तो त्यांच्या सरकारी सेवेचा शेवटचा दिवस होता.

कराराची कलमे वाचताना त्यातील देवाणघेवाण स्पष्ट दिसते. फ्रंटने शस्त्रे खाली ठेवावीत, स्वतंत्र राष्ट्राची मागणी सोडून भारतीय संविधान मान्य करावे आणि इतर सशस्त्र गटांना साहाय्य करू नये. सरकारने मिझोरामला पूर्ण राज्याचा दर्जा द्यावा आणि परतणाऱ्या तरुणांचे पुनर्वसन करावे. याशिवाय संविधानात अनुच्छेद 371-जी समाविष्ट झाला. मिझो समाजाच्या धार्मिक व सामाजिक चालीरीती, रूढिगत कायदा, त्यानुसार चालणारा न्याय आणि जमिनीची मालकी यांविषयीचा संसदेचा कोणताही कायदा राज्याच्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय तेथे लागू होणार नाही, अशी हमी त्यात आहे.

या करारातील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. शेजारच्या राज्यांतील मिझो वस्तीचे प्रदेश एकत्र करावेत, अशी फ्रंटची मागणी होती. सरकारने ती मान्य केली नाही. परंतु ती मांडली गेल्याची नोंद करारात केली. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदात राज्यांच्या सीमा बदलण्याची पद्धत दिलेली आहे, मात्र त्याबाबत कोणतेही आश्वासन देता येणार नाही, असे तेथे सरळ लिहिले आहे. न मिळणाऱ्या गोष्टीचे गोड आश्वासन देऊन सही मिळविण्यापेक्षा मतभेद कागदावर प्रामाणिकपणे नोंदविणे, हे या कराराच्या टिकाऊपणाचे एक रहस्य आहे. समोरच्याच्या म्हणण्यातही सत्याचा अंश असू शकतो, हा अनेकांताचा विचार या सभेला नवा नाही. तो मान्य करूनही आपल्या मर्यादा स्पष्ट सांगता येतात, याचा हा वस्तुपाठ होय.

खुर्चीचा त्याग आणि पराभवाचा स्वीकार

कागदावरची शाई वाळल्यानंतर खरी परीक्षा सुरू होते. त्या वेळी मिझोरामचे मुख्यमंत्री होते काँग्रेसचे लाल थनहावला. लोकांनी निवडून दिलेले सरकार, विधानसभेत बहुमत, आणि कालपर्यंत ज्यांच्याविरुद्ध राज्य चालविले त्यांच्यासाठी पद सोडावयाचे! त्यांनी ते सोडले. 21 ऑगस्ट 1986 रोजी लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि लाल थनहावला यांनी त्यांच्या हाताखाली उपमुख्यमंत्रिपद स्वीकारले. 20 फेब्रुवारी 1987 रोजी मिझोराम भारताचे 23 वे राज्य झाले. त्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत फ्रंटला 40 पैकी 24 जागा मिळाल्या.

परंतु शांततेची कसोटी विजयात लागत नाही, ती पराभवात लागते. 1988 साली लालडेंगांच्या पक्षात फूट पडली, सरकार अल्पमतात गेले आणि राष्ट्रपती राजवट आली. 1989 च्या जानेवारीत झालेल्या निवडणुकीत फ्रंटचा पराभव झाला. वीस वर्षे बंडाचे नेतृत्व केलेल्या माणसाला पुन्हा जंगलाची वाट अपरिचित नव्हती. ती वाट त्याने धरली नाही. लालडेंगा विरोधी बाकांकडे वळले. 1990 साली त्यांचे निधन झाले, तेव्हा राज्याने त्यांना सन्मानाने निरोप दिला. एका काळी ज्याच्या अटकेसाठी देशाची यंत्रणा राबत होती, त्याची अंत्ययात्रा शासकीय इतमामात निघावी, यात भारतीय लोकशाहीचे मोठेपण आहे.

पुन्हा फुललेला बांबू

निसर्गाने या कराराची आणखी एक परीक्षा घेतली. 1959 नंतर 48 वर्षांनी, म्हणजे 2006 ते 2008 या काळात, मिझोरामचे बांबू पुन्हा फुलले. तेच उंदीर, तीच उद्ध्वस्त शेते. या वेळी राज्याच्या मुख्यमंत्रिपदी होते झोरामथांगा. लालडेंगांचे जंगलातील निकटचे सहकारी. ज्या दुष्काळाने त्यांच्या पक्षाला जन्म दिला, त्याच दुष्काळाला आता सरकार म्हणून तोंड देण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली.

फुलोरा येण्यापूर्वीच, 2004 साली, राज्याने त्यासाठी स्वतंत्र योजना आखली होती. केंद्राने तिला साहाय्य केले. फुलण्यापूर्वी बांबू तोडणे, उंदीर ज्यांना फारसा स्पर्श करीत नाहीत अशी पिके घेणे, उंदराच्या शेपटीमागे बक्षीस देणे आणि दूरच्या गावांत धान्य पोहोचविणे, असे अनेक उपाय झाले. ते सारे यशस्वी झाले असे नाही. शेतकऱ्यांचे हाल झाले, मदतीच्या वाटपावर टीका झाली. परंतु त्या टीकेला सभा, वर्तमानपत्र आणि मतपेटी यांचा मार्ग खुला होता. 2008 च्या निवडणुकीत झोरामथांगांचे सरकार गेले. बंदूक मात्र कोणी उचलली नाही. 1959 च्या दुष्काळातून बंड उभे राहिले. 2007 च्या दुष्काळातून केवळ सत्तांतर झाले. शांततेच्या उभारणीचे याहून बोलके फलित दुसरे कोणते दाखवावे?

अपुरे राहिलेले

या कथेला डागच नाहीत, असे सांगणे सत्याला धरून होणार नाही. 1997 साली मिझोराममधील ब्रू जमातीचे तीस हजारांहून अधिक लोक वांशिक तणावामुळे त्रिपुरात विस्थापित झाले. त्यांना तेथेच कायमचे वसविण्याचा करार होण्यास जानेवारी 2020 उजाडले. ज्या समाजाने स्वतः उपेक्षेचे दुःख भोगले, त्याच्याच अंगणात आणखी लहान समाज असुरक्षित झाला. बहुसंख्य कोण आणि अल्पसंख्य कोण, हे जागेनुसार बदलते. दुःखाचा रंग मात्र बदलत नाही. एकत्रीकरणाच्या काळात घरे गमावलेल्या कुटुंबांच्या मनातील सलही करारातील एखाद्या कलमाने पुसला गेला नाही.

तसेच, करार म्हटला की तो यशस्वीच होतो, असेही नाही. 1975 चा शिलाँग करार नागा चळवळीतील प्रमुख नेत्यांनी नाकारला आणि त्यातून अधिक कडवा गट निर्माण झाला. 24 जुलै 1985 रोजी पंजाब करारावर सही करणारे संत हरचंदसिंग लोंगोवाल यांची महिनाही उलटण्यापूर्वी हत्या झाली. मिझोराममध्ये मात्र एकच प्रमुख संघटना होती, तिच्या नेत्याचा शब्द मानणारे अनुयायी होते, शांततेसाठी आग्रह धरणारा समाज होता, आणि पद सोडण्यास तयार असणारे राज्यकर्ते होते. हे सारे जेथे नाही, तेथे केवळ समारंभाने केलेली सही टिकत नाही.

समारोप

मिझोरामच्या पश्चिमेस बांगलादेशाची 318 किलोमीटर आणि पूर्वेस म्यानमारची 510 किलोमीटर सीमा आहे. 2021 मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यानंतर आणि मे 2023 मध्ये शेजारच्या मणिपूरमध्ये हिंसाचार उसळल्यानंतर हजारो निर्वासितांनी या छोट्या राज्यात आसरा घेतला. तेथील चर्च, गावसंस्था आणि सामान्य कुटुंबांनी आपल्या ताटातील घास त्यांना दिला. सप्टेंबर 2025 मध्ये ऐझॉलजवळच्या सायरांगपर्यंत रेल्वे पोहोचली. अशा अवघड सीमेवर नांदणारी माणसे देशाला आपले मानतात, ही गोष्ट संरक्षणाच्या कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविली जात नाही. पण सीमेचे रक्षण करणाऱ्या जवानाला विचारले, तर पाठीशी असलेल्या गावाची किंमत तो नेमकी सांगेल.

शस्त्र आणि संवाद यांना परस्परांचे शत्रू मानण्याचे कारण नाही. शस्त्राने अनर्थ रोखून धरावा आणि त्या अवधीत संवादाने त्याचे मूळ शोधावे. मिळालेला अवधी वाया घालविला, तर शस्त्राचा पराक्रमही वाया जातो. दर वर्षी 30 जून हा दिवस मिझोराममध्ये 'रेम्ना नी', म्हणजे शांततेचा दिवस, म्हणून पाळला जातो. विजयदिन साजरे करणारी राष्ट्रे पुष्कळ आहेत. दोन्ही बाजूंना आपला वाटावा असा दिवस फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

आज 1958 सालातील त्या सूचनेसारखा एखादा कागद देशातील कोणत्या तरी कचेरीत पडून असेल. एखाद्या दूरच्या गावाने, एखाद्या लहान समाजाने पाठविलेला. त्यातील भाषा ओबडधोबड असेल, मागणी किरकोळ वाटेल. तो कागद वेळेवर उघडून वाचणे, हे राष्ट्रीय सुरक्षेचे पहिले काम होय.